सांध्यात अडकलेला दगड

आमच्या लालबागच्या खोलीत टीव्हीच्या वर एक फोटो टांगलेला आहे. त्यात माझे वडील आहेत. गळ्यात झेंडूचा हार, हातात पेढ्यांचा पुडा, दोन्ही बाजूंना आठ-दहा माणसं. सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत आणि बाबा मान वळवून भलतीकडेच बघताहेत. गोदीची मालगाडी कायमची बंद झाली, त्या शेवटच्या दिवसाचा हा फोटो. घरी येणाऱ्या प्रत्येकाने त्यावर एकदा तरी विनोद केलाय. आई होती तेव्हा ती म्हणायची, लग्नाच्या फोटोतसुद्धा हे असेच आहेत, पंगतीकडे बघत. आम्ही हसायचो. बाबा हसायचे नाहीत, पण ते तसेही फारसे हसत नाहीत, म्हणून कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

बाबा सांधेवाले होते. एका रुळाचे दोन रूळ जिथे होतात त्या जागेला सांधा म्हणतात. तिथे दोन सरकत्या लोखंडी पात्या असतात आणि बाजूला एक दांडा असतो, त्याला हे एवढं मोठं लोखंडी वजन. दांडा इकडे टाकला की गाडी गोदामाकडे, तिकडे टाकला की धक्क्याकडे. बाबांनी उभा जन्म तो दांडा इकडून तिकडे केला. सिग्नलच्या केबिनमधला चकचकीत कारभार नव्हे हं, उन्हात उभं राहून हाताने करायचं काम. आणि जुना सांधा असला की गाडी पूर्ण जाईपर्यंत दांडा दाबून धरायचा, मध्ये सोडायचा नाही.

मी त्यांच्या अगदी उलट. माझं बूड एका जागी टेकत नाही. आई मला भिंगरी म्हणायची आणि तिच्या तोंडी ते कौतुक नव्हतं. पन्नाशीला आले तरी तेच. ठाकूरद्वारला एका छापखान्यात प्रुफं तपासते. बसून करायचं काम आहे, पण तासातासाला उठते, जिना उतरते, गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत येते. मालक आता काही बोलत नाहीत. बसची वाट बघत उभं राहणं तर मला जमतच नाही. दोन स्टॉप पुढे चालत जाते आणि मग तीच बस माझ्या नाकासमोरून निघून जाते. स्वतःच्याच स्वभावाला शिव्या घालत तिसऱ्या स्टॉपकडे चालायला लागते.

अशा बाईला गाड्यांच्या अद्भुत गोष्टींचं वेड लागलं नसतं तरच नवल. आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या वाचनालयात एक कपाट मुलांच्या पुस्तकांचं होतं. नकाशात नसलेल्या गावाला जाणारी गाडी, ढगात शिरणारी गाडी, ज्या गाडीत मेलेली माणसं खिडकीची जागा पकडून बसलेली आहेत ती गाडी, असलं जे मिळेल ते मी वाचत सुटले. घोडा, जहाज, उडती सतरंजी यांत मला कधी राम वाटला नाही. त्यांना हाकायला लागतं. गाडीचं तसं नाही. तुम्ही बसलेले असता आणि तरी जात असता. ज्याला बसवतही नाही आणि कुठे जायचं तेही कळत नाही, त्याला आणखी काय हवं?

आणि आमच्याकडे रूळही होते. लालबाग-परळच्या रस्त्यांवर तेव्हा मधूनच दोन रूळ डांबरातून वर यायचे, रस्ता ओलांडायचे आणि एखाद्या गिरणीच्या बंद दरवाजाखालून आत जायचे. कापसाच्या गाठी न्यायला-आणायला घातलेले, कधीचेच बंद पडलेले. शाळेतून येताना मी त्या रुळावर पाय ठेवून उभी राहायची. दरवाजाच्या फटीतून आत गवत दिसायचं, त्यात शिरलेले रूळ दिसायचे आणि पुढे काही दिसायचं नाही. बस, माझं डोकं तिथून पळायला लागायचं. चालू रुळावरून कुठे जाता येतं ते सगळ्यांना ठाऊक असतं, कल्याण नाहीतर विरार. बंद रुळाचं तसं काही नक्की नसतं. आता तिथे टॉवर उभे राहिलेत आणि ते रूळ कुणाच्या तरी पार्किंगच्या खाली आहेत. गिरगावात रस्ता खणताना एकदा जुन्या ट्रामचा तुकडा वर आलेला मी पाहिला, तर ऑफिसला उशीर करून अर्धा तास तिथे उभी. खणणाऱ्या माणसाने मला विचारलं, तुमचं काही पडलंय का आत?

तर सांगायची गोष्ट अशी की गेली तीन वर्षं मी स्वतःच अशी एक कादंबरी लिहीत होते. बंद यार्डातून सुटणारी गाडी, आणि तिच्यातून निघालेली एक मुलगी. शेवट सोडून सगळं लिहून झालं होतं. शेवट काही केल्या येत नव्हता. गाडी निघायची, पण पोचायची कुठे तेच मला सुचत नव्हतं. पहिलं प्रकरण मी बाबांना वाचून दाखवलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, की ह्या गाडीचा सांधा कोण लावतो? मी म्हटलं, बाबा, जादूची गाडी आहे ती, तिला सांधाबिंधा लागत नाही.

“गाडी जादूची आसात,” ते म्हणाले. “रूळ लोखंडाचेच ना?”

माझं डोकं फिरलं. तीन वर्षांची मेहनत, आणि ह्या माणसाला सांधा हवाय. त्यानंतर मी त्यांना एक ओळ वाचून दाखवली नाही.

छापखान्याच्या मालकांनीच पुस्तक काढायचं कबूल केलं होतं. ते म्हणाले, मुखपृष्ठाला खराखुरा बंद रूळ पाहिजे. मग मी शिवडीच्या पुढे, बाबांच्या जुन्या यार्डात गेले. आता तिथे काही नाही. अर्ध्या भागात ट्रक उभे असतात, उरलेल्यात गवत आणि मधूनमधून रूळ. राखणीला एक भय्या वॉचमन, त्याला माझ्या वडिलांची नोकरी सांगितली तेव्हा त्याने आत सोडलं. मी मोबाइलवर पंधरा-वीस फोटो काढले आणि खुशीत घरी आले. म्हटलं, बाबांना दाखवू या, निदान ह्यात तरी त्यांना खोट काढता येणार नाही.

बाबांनी फोन हातात घेतला. एक-एक फोटो बघत गेले. हे गोदाम, हे पाण्याचं टाकं, असं पुटपुटत होते. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. एका फोटोवर ते थांबले. मी शिकवलं होतं तसा दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि फोन तसाच माझ्या हातात देऊन गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी हाक मारली तर वळले नाहीत. त्या रात्री जेवताना अर्धी भाकरी पानात टाकली. आमच्या घरात पानात टाकायची पद्धत नाही.

दुसऱ्या दिवसापासून म्हातारा बदलला. जो माणूस दुपारभर खुर्चीत पेपर घेऊन बसायचा तो गॅलरीत येरझाऱ्या घालायला लागला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेजारणी विचारायला लागल्या, काकांना काय झालं? जेवण निम्म्यावर आलं. चहा गार होऊन जायचा. मी डोंबिवलीला दादाला फोन केला, तर त्याने डॉक्टरकडे न्यायचा सल्ला दिला, आणि ह्या वयात विसरभोळेपणाची सुरुवात अशीच होते असं दहा मिनिटं ऐकवलं. दादा सल्ला सढळ हाताने देतो. मी फॅमिली डॉक्टरकडे नेलं. बीपी नॉर्मल, शुगर नॉर्मल. आणि मला भीती वाटायला लागली. खरंच सांगते, फार भीती वाटली. आई अशीच आठवडाभर जेवण टाकत टाकत गेली होती. एका घरात एक भिंगरी पुरे, दोन झाल्यावर कोण कोणाला बसवणार?

शेवटी एका दुपारी मी रजा टाकली, त्यांची खुर्ची गॅलरीच्या दारात आडवी ठेवली आणि म्हटलं, आता इथून पलीकडे जायचं असेल तर काय झालंय ते सांगून जा. मी चिडून बोलले, बाबांशी असं बोलायला नको होतं. पण त्यांना राग आला नाही. ते खुर्चीत बसले. टीव्हीच्या वरच्या त्या फोटोकडे बोट केलं आणि मालवणीत म्हणाले, मी सांध्याकडे बघत होतो.

“सांधो अर्धोच रवलो. मी सोडून इलंय तो.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शेवटच्या दिवशी शेवटचे डबे गेले. ते गेल्यावर सांधा परत मूळ जागी लावायचा, हा नियम. बाबांनी दांडा टाकला, पण रुळाखालच्या खडीतला एक दगड उडून पातीच्या आणि रुळाच्या मध्ये पडला होता, त्यामुळे पाती मध्येच अडकली. दगड काढायला हातभर लांब आकडा लागतो. तो आणायला ते वळले आणि तेवढ्यात साहेबांनी हाक मारली, की या, हार घालायचाय, फोटो काढायचाय. बाबा म्हणाले, एक मिनिट. साहेब म्हणाले, आता कसलं मिनिट, गाडीच संपली. सगळे हसले. फोटो झाला, पेढे झाले, भाषण झालं. भाषण संपेपर्यंत यार्डाच्या फाटकाला कुलूप होतं. दुसऱ्या दिवसापासून बाबांची बदली गोदामातल्या टेबलावर, निवृत्तीपर्यंत.

अर्धा सांधा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. ह्या बाजूला लागलेला सांधा चालतो, त्या बाजूला लागलेला चालतो. अर्धा सांधा म्हणजे पुढची चाकं एका रुळावर, मागची दुसऱ्या, आणि डबा आडवा. सांधेवाल्याने गाडी उशिरा सोडली तर शिवी मिळते. सांधा अर्धा सोडला तर त्याला माफी नाही, तो स्वतःच स्वतःला माफ करत नाही. बाबांनी इतक्या वर्षांत असं एकदाही केलं नव्हतं. ते धरून चालले होते की मागून कुणीतरी दगड काढला असेल, पाती लावली असेल. माझ्या फोटोत त्यांनी बोटांनी मोठं करून पाहिलं, तर दांडा तसाच अर्ध्यावर उभा, त्यांनी सोडला होता तसा.

मी म्हटलं, पण बाबा, तिथे आता गाडी कुठे येते? कधीच येणार नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजूनही सहावीतच आहे. म्हणाले, गाडी येणार नाही म्हणून सांधा अर्धा ठेवायचा, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

इतकी वर्षं कुणाला का सांगितलं नाही, असं मी विचारलं. तर म्हणाले, काय सांगायचं? सांगितलं असतं तर सगळे हसले असते. आणि खरं होतं ते. आम्ही फोटोला हसतच होतो की. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी उठून उगाचच भांडी घासायला घेतली.

दसऱ्याला अजून सोळा-सतरा दिवस होते. दर दसऱ्याला बाबा सांध्याची पूजा करायचे. दांडा धुवायचा, तेल द्यायचं, झेंडूचा हार घालायचा, नारळ फोडायचा. मी म्हटलं, दसऱ्याला जाऊ या. त्या रात्री त्यांनी पान साफ केलं.

आता पुढचं मी त्यांना सांगितलं नाही. इतक्या वर्षांचा गंज, सांधा हलणार कसा? म्हातारा माणूस तिथे नेला आणि दांडा हललाच नाही तर? ह्या विचाराने मला ऑफिसात खुर्ची टोचायला लागली. पूर्वी गंजाला रॉकेल घालायचे, आता रॉकेल कुठे मिळतंय? लालबागच्या हार्डवेअरवाल्याकडून गंज सोडवायचा स्प्रे घेतला, शिलाई मशीनचं तेल घेतलं, तारेचा ब्रश घेतला. त्याने विचारलं, ताई, ग्रिल का? मी म्हटलं, सांधा. त्याने बिल माझ्यापुढे सरकवलं.

दोन रविवार मी एकटी शिवडीला गेले. ओढणी डोक्याला बांधून रुळाशेजारी बसायचं, घासायचं, फवारायचं, थांबायचं, परत घासायचं. पातीच्या बुडाशी माती, प्लास्टिक, गवताची मुळं, सगळं दगडासारखं घट्ट झालेलं. ते मी खुरप्याने उकरून काढलं. आणि खाली तो होता. साधा काळा दगड, मुठीएवढा, रूळ आणि पाती यांच्या मध्ये चपखल बसलेला. आई शप्पथ, मला रडू आलं. मी तो काढला नाही. तो काढायचा मान माझा नव्हता. वॉचमन लांबून बघत होता. दुसऱ्या रविवारी त्याने न सांगता पाण्याची बाटली आणून दिली आणि विचारलं, की मॅडम, ये चलेगा क्या फिर से? मी म्हटलं, नहीं. तरी तो तिथेच उभा राहिला.

दसऱ्याला सकाळी दादरहून झेंडू आणला, हार केला. बाबांनी ठेवणीतला पांढरा सदरा घातला आणि कपाटाच्या मागून एक लांब लोखंडी आकडा काढला. इतकी वर्षं तो आकडा आमच्या कपाटामागे होता आणि आई त्याने माळ्यावरची बोचकी ओढायची. टॅक्सी थेट फाटकापर्यंत नेली. आत शिरल्यावर बाबा माझ्या पुढे चालायला लागले. मला वाट विचारायची त्यांना गरजच नव्हती. गवतातूनसुद्धा पाय बरोबर रुळांखालच्या स्लीपरवर पडत होते, आणि मी, जी आयुष्यभर सगळ्यांच्या पुढे धावते, ती मागे ठेचकाळत.

सांध्याशी ते थांबले. घासलेल्या पात्या बघितल्या, तेलाचा ओघळ बोटाने पुसला, वास घेतला. माझ्याकडे बघितलं. मग आकडा आत घातला, दोनदा निसटला, तिसऱ्यांदा दगडाच्या मागे गेला आणि त्यांनी ओढला. दगड बाहेर येऊन त्यांच्या चपलेपाशी पडला. त्यांनी तो पायाने बाजूला सारला, बस, इतकंच. मला वाटलं होतं ते तो हातात घेतील, काही म्हणतील. कप्पाळ माझं. गोष्टी लिहिणाऱ्यांना असंच वाटत असतं.

दांडा एकट्याने हलेना. मग मीही धरला. दोघांनी अंगाचा भार टाकला. एकदा काही नाही. दुसऱ्यांदा कुरकुर. तिसऱ्यांदा कर्रर्र करून दांडा गेला, वजन धपकन खाली बसलं आणि पाती रुळाला जाऊन चिकटली. बाबा खाली वाकले, पातीच्या फटीत नख घालून पाहिलं. नख शिरलं नाही. ते उठून उभे राहिले आणि मी दांडा सोडायला लागले.

“धर गो. सोडू नको.”

मी धरला. त्यांनी उजवा हात खांद्यापर्यंत वर केला आणि धक्क्याच्या दिशेने बघत राहिले. वॉचमन रुळावर एक पाय ठेवून उभा होता. बाबांनी त्याला डाव्या हाताने खूण केली, की बाजूला हो. आणि तो माणूस, काही न विचारता, रुळावरून खाली उतरला आणि दोन पावलं मागे सरला.

मग आम्ही तिघे उभे राहिलो. ऊन होतं. लांबून ट्रकचे हॉर्न येत होते. माझे हात भरून आले, घाम डोळ्यांत गेला, पाठीत कळ आली. मी विचारलं, सोडू? बाबांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांची नजर धक्क्याकडून हळूहळू आमच्यापर्यंत आली, आमच्या समोरून सरकली आणि गोदामाकडे जायला लागली. ती एकाच वेगाने सरकत होती, मध्येच थांबत नव्हती. मी तीन वर्षं गाडीची कादंबरी लिहीत होते, तरी हे मला कधी सुचलं नसतं. मी पुन्हा विचारलं.

“अजून डबे आसत,” ते म्हणाले. “गार्डाचो डबो जावंदे.”

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. इतका वेळ मी आयुष्यात कुठे एका जागी उभी राहिले नव्हते. गंमत म्हणजे मला हलावंसं वाटलंही नाही. शेवटी त्यांचा वर केलेला हात खाली आला. म्हणाले, आता सोड. मी सोडला. हातावर गंजाचा लाल पट्टा उमटला होता.

त्यांनी दांड्याला हार घातला, नारळ फोडला, वॉचमनला खोबऱ्याचा तुकडा दिला. मग रुळाच्या कडेला दगडांच्या ढिगावर टेकले आणि खोबरं खायला लागले. तुकडा संपल्यावर त्यांनी आणखी मागितला. मी दिला. मी शेजारी बसले आणि हळूच विचारलं, की बाबा, कुठे गेली गाडी?

बाबा हसले. फोटोत नाही, लग्नात नाही, ते इथे हसले.

“माका काय म्हायत?” ते म्हणाले. “सांधो मी लावलंय. पुस्तक तू लिवतंस.”